पांढरीची माती

आमच्या स्टाफरूममध्ये ‘माती झाली’ असं म्हणायची सोय नव्हती. कुणाच्या पोराचा निकाल बिघडला, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं आणि तोंडातून निघून गेलं की ‘सगळ्याची माती झाली बघा’, तर खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज यायचा, “मग चांगलंच झालं की. माती झाली म्हंजे त्यात आता काहीतरी उगवंल. दुसरा शब्द बघा.” आणि दुसरा शब्द ऐकल्याशिवाय ते सोडायचे नाहीत. एकदा गणिताचे सर वैतागून म्हणाले, “मग काय म्हणू, राख झाली?” तर हे शांतपणे म्हणाले, “राख बी चालणार न्हाई. राख तर लई कामाची. सिमेंट झालं म्हणा. सिमेंटात काही उगवत न्हाई.”

ते भूगोल शिकवायचे. उंच, हाडकुळे, कपाळावर विभूतीचे पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पँटचे पाय नेहमी खालून मातकट. पोरं मागं त्यांना ‘ढेकूळ सर’ म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी तसं लिहून ठेवलं, तर त्यांनी ते पुसलं नाही. खाली लिहिलं, ‘पाणी पडलं की विरघळतं’, आणि तास सुरू केला.

मी बिलोलीची. लातूरला त्याच संस्थेच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला आले तेव्हा भूकंपाला फार काळ लोटला नव्हता. जमीन थांबली होती, माणसं थांबली नव्हती. रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली की स्टाफरूममधली सगळी डोकी आधी छताकडं जायची आणि मग दाराकडं. एक हेच वर बघायचे नाहीत. वह्या तपासत राहायचे. मला वाटायचं, ह्यांना ऐकूच येत नसेल.

आमची ओळख भांडणावरून झाली. सर्वांसमोर झालेलं, पण माझं नाही, त्यांचं. नववीच्या चाचणीत त्यांनी प्रश्न घातला होता, ‘काळ्या कसदार मृदेला काय म्हणतात?’ पुस्तकात उत्तर होतं ‘रेगूर’. देगलूरकडच्या एका मुलीनं लिहिलं ‘रेगडी’. सरांनी पूर्ण मार्क दिले आणि शेजारी ‘शाब्बास’ लिहिलं. मग दुसऱ्या एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. आमच्या पोरीनं पुस्तकातलं लिहिलं तिला तेवढेच मार्क, अन हिनं मनाचं लिहिलं तिलाही तेवढेच, हे कसं? हेडमास्तरांनी सरांना विचारलं, “रेगडी कुठल्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात न्हाई, बांधावर हाय.”

“बोर्डाचं उत्तर रेगूर आहे, सर.”

“मग बोर्डाला बिलोलीला पाठवा,” सर म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. “बाई, तुमच्याकडं काळीला काय म्हणतेत?”

मी नवीन होते, बोलू की नको असं झालं. पण खरं ते सांगितलं, की आमच्या तिकडं तेलुगू बोलणारी माणसं आहेत, ती रेगडीच म्हणतात. माझी आजीसुद्धा ‘रेगडीचं रान’ म्हणायची.

“झालं,” सर म्हणाले. “कुण्या साहेबानं ते ऐकलं, त्याला म्हणता आलं न्हाई, त्यानं रेगूर लिहिलं. आपण ते साहेबाचं बोबडं पाठ करून राहिलो. अन जिच्या घरात तो शब्द जिता हाय तिचे मार्क कापायचे?”

मार्क कापले गेले नाहीत. त्या दिवसापासून सर मला ‘बिलोलीच्या बाई’ म्हणू लागले.

शब्द गोळा करायचा त्यांना नाद होता, पण तो फक्त मातीच्या शब्दांचा. उदगीरच्या पलीकडं कानडी मुलखात काळीला ‘एरी’ म्हणतात, हे त्यांनी एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारीकडून मिळवलं होतं. उर्दूतला ‘जरखेज’ त्यांना फार आवडायचा. “जर म्हंजे सोनं, खेज म्हंजे उठवणारं. जिच्यातनं सोनं उठतं ती. निजामाच्या राज्यात एवढं एक बेस झालं, सोनं कुठनं निघतं ते त्यांना मालूम होतं.” आणि मराठीतल्या ‘सुपीक’वर त्यांचा राग नव्हता, पण लोभही नव्हता. “सुपीक म्हंजे पीक चांगलं. पीक आलं न्हाई त्या साली काय म्हणणार? काळी म्हंजे काळी. पीक आलं तरी काळी, न्हाई आलं तरी काळी. आपल्या माणसानं तिला पिकावरनं नाव दिलं न्हाई, अंगावरनं दिलं. लेकराला देतेत तसं.”

आणि काळी म्हटलं की त्यांच्या बोलण्यात तिची जोडीदारीण यायचीच, पांढरी. हा त्यांचा खरा विषय. आमच्याकडं जुन्या बोलीत गाव दोन मातींचं असतं. पिकतं ते काळी आणि वसतं ते पांढरी. गावाला पांढरी म्हणायचं, गावातल्या माणसांनाही पांढरीच म्हणायचं. “वसलेली जागा पांढरी का दिसते?” सर विचारायचे. पोरं म्हणायची, चुन्यानं. “चुना हाय. अजून? चुलीची राख हाय. शेणाचं सारवण, गोठ्यातला मूत, पडलेल्या भिंती, त्या भिंतींवर परत घातलेल्या भिंती. कैक पिढ्या एका जागी राहिल्या, खाल्लं, धुतलं, मेल्या, तवा कुठं माती पांढरी होती. पांढरी निसर्गात सापडत न्हाई. ती मानसं करतेत.”

एकदा त्यांनी माझ्या लॅबमध्ये रुमालात बांधून पांढरी आणली. “बघा ह्यात काय हाय.” मी मुलांच्या प्रॅक्टिकलच्या बाटल्या काढल्या. ॲसिड टाकल्यावर ती फसफसली, म्हणजे चुना. अमोनियम मॉलिब्डेट घालून गरम केल्यावर परीक्षानळीत पिवळाधमक साका बसला. मी म्हटलं, “सर, फॉस्फेट बरंच आहे. हाडांत असतं ते, राखेत असतं. खतच आहे हे.”

त्यांनी नळी उजेडाकडं धरून तो पिवळा साका बघितला. “म्हंजे तुमच्यात मानसांना फॉस्फेट म्हणतेत,” ते म्हणाले. “नोंद करतो.”

तोवर लातूर बदलायला लागलं होतं. निकालांची नावं पार लांबवर गेली होती. जूनमध्ये मुदखेडकडनं, अर्धापूरकडनं, कुठून कुठून आईबाप पोरांच्या गाद्या, डबे, पाण्याच्या कळश्या घेऊन उतरायचे. शेतं मोडून प्लॉट पडत होते, प्लॉटवर होस्टेलं उभी राहत होती. मीही सकाळच्या बॅचेस घेत होतेच, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पोरं खरंच शिकायला आली होती. पण शाळेत भूगोलाचे तास हळूहळू विज्ञानाला जायला लागले. संस्थेचे सेक्रेटरी म्हणायचे, “डोंगर-नद्या वाचून कुणी डॉक्टर होत नाही.” सरांचा वर्ग स्पेशल बॅचला दिला, तर सरांनी लिंबाखाली फळा टेकवला आणि तिथं तास घेतला. सेक्रेटरींनी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी फळा उचलून नेला. सरांनी जमिनीवर काठीनं गोदावरी काढली, मांजरा काढली, तेरणा काढली. “फळा न्यायला मानूस आला,” पोरांना म्हणाले, “हे न्यायला कुणी येत न्हाई.”

त्यांच्या घराची गोष्ट मला गणिताच्या सरांकडून कळली. सरांचं गाव औसा आणि निलंग्याच्या मधलं. ते आठवडाभर लातूरला खोली करून राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. गावी बायको. मूलबाळ नव्हतं. विसर्जनानंतरच्या पहाटे जमीन हलली तेव्हा सर लातूरला खोलीवर होते. गावाकडची जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर हातभर माती. दरसाल पावसाच्या तोंडाला बायका पांढरीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन शिडीनं वर चढायच्या आणि माळवदावर नवा थर द्यायच्या, म्हणजे गळत नाही. सरांची बायको लग्न होऊन आल्यापासून हे करत होती. वर्षानुवर्षांचं तिनं स्वतः वाहिलेलं ते ओझं त्या पहाटे तिच्यावरच आलं.

सरांचे लोक लिंगायत. त्यांच्यात मेलेल्याला पुरतात, बसवून, नातेवाईक मूठमूठ माती टाकतात. आमच्याकडं अंत्यविधीला जाण्याला म्हणतातच ‘मातीला जाणं’. पण त्या दिवसांत वर पाऊस आणि खाली रांगेनं माणसं. लष्कराच्या जवानांनी आणि गावकऱ्यांनी पडलेल्या घरांचीच लाकडं रचली आणि सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. सर पोचले तोवर धूरच उरला होता.

हे कळल्यावर मला समजलं, की ट्रक गेला तरी ते छताकडं का बघत नव्हते. त्यांचं छत पडून झालं होतं.

सरकारनं दूर माळाच्या बाजूला नवं गाव बांधून दिलं. सरळ रस्ते, एकसारखी पक्की घरं, गावाला नवं नाव. जुन्या जागेत दगड आणि मातीचे ढीग राहिले, आणि त्या मातीवर गुत्तेदाराची नजर गेली. आमच्याकडं कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. पांढरी म्हणजे फुकटचं खत, उसाच्या आणि द्राक्षाच्या बागावाल्यांना पाहिजेच होती. जुनी जागा सरकारजमा झालेली, त्यातली माती उचलायचा गुत्ता त्यानं मिळवला आणि ट्रॅक्टर लावले. एकेक घर ट्रॉलीत भरून जाऊ लागलं.

सरांनी त्याच आठवड्यात भूगोलाची सहल काढली. नववीचा वर्ग, विषय ‘मृदा’. मुलींसोबत बाई पाहिजे म्हणून मला घेतलं. मला वाटलं ओढा, बांध, विहीर दाखवतील. एसटी जुन्या गावाच्या फाट्यावर थांबली. चिंचेखालून आत गेलो. गल्ल्या ओळखू येत होत्या, घरं नव्हती. एका जागी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं, त्याच्या आत मातीचा ढीग आणि बाहेर काठी घेऊन एक माणूस उकिडवा बसलेला. सर त्याच्याकडं बघून थांबले, मग पुढं गेले. पुढच्या ढिगापाशी ट्रॅक्टर उभा होता. मजूर फावडी घेऊन सुरू करणारच होते.

सर त्या ढिगावर चढले. “बसा,” पोरांना म्हणाले. “ही माझी ओसरी. तिकडं चूल होती. वह्या काढा.”

आणि त्यांनी खरोखर तास घेतला. काळी म्हणजे काय, पांढरी म्हणजे काय. पोरं ढिगाभोवती गोल बसली आणि लिहू लागली. फावडीवाले थांबले. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर औशाचा एक मुसलमान माणूस होता. त्यानं इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिला. थोड्या वेळानं गुत्तेदार मोटारसायकलवर आला.

“सर, पोरं बाजूला घ्या. ट्रॅक्टर खोळंबलाय.”

“तास चालू हाय. संपल्यावर बोलू.”

“ही जागा सरकारची हाय आता. तुम्हाला तिकडं पक्कं घर दिलंय.”

“दिलंय की. जागेच्या बदली जागा दिली. मातीच्या बदली माती कुणी दिली?”

“मातीचा गुत्ता माझ्याकडं हाय.”

“माझ्या बापानं गाढवावर माती आणून ह्या भिंती घातल्या, तवा तुमचा गुत्ता कुठं होता?”

गुत्तेदार मोठ्या आवाजात बोलला नाही. एवढंच म्हणाला, “तुमचे सेक्रेटरी माझ्या ओळखीचे हायत.”

“मग त्यांना सांगा, तास चांगला चालला होता.”

गुत्तेदारानं ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हर म्हणाला, “साब, बच्चे बैठे हैं. मैं नई चलाता.” त्यानं ट्रॅक्टर उलटा फिरवला आणि ट्रॉली रिकामीच नेली. गुत्तेदार त्याच्या मागोमाग गेला.

मी पोरांना चिंचेखाली डबे खायला बसवलं. मागं वळून पाहिलं तर सर मजुरांनी टाकलेलं घमेलं उचलून त्यात हातानं माती भरत होते, आणि काट्याच्या कुंपणाजवळचा तो माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा होता. तो त्यांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं घर त्याच गल्लीतलं. कुंपणातला ढीग त्याच्या घराचा.

“दाजी,” तो म्हणाला, “त्याला हाकलला ते बेस झालं. आता तुम्ही बी हात लावू नका.”

“का?”

“ह्याच मातीनं आक्काला खाल्लं.”

“मातीनं न्हाई. जमीन हलली. माती आक्कानं जिथं ठिवली तिथंच होती.”

“काय करणार नेऊन?”

“काळीत टाकणार. माझ्या रानात.”

मेव्हण्याचा चेहरा बदलला. “त्यावर जवारी घेणार? अन ती खाणार?”

“खाणार.”

“माणूस हाव का कोण हाव तुम्ही?”

सरांनी घमेलं खाली ठेवलं. मला वाटलं आता आवाज चढेल. पण ते नेहमी पोरांना सांगायचे तसंच सावकाश बोलले. “आपल्यात मानसाला माती देतेत. तिला मिळाली न्हाई. लाकडं घालून जाळली, कितीकांसंगं, आपल्याच घराच्या तुळया घालून. मी काही बोललो न्हाई, बोलायची वेळ नव्हती. पण माझ्या हातची मूठ पडायची राहिली. आता टोपल्या टोपल्या टाकणार. तिनं डोक्यावरनं वाहिलेली तिच्याच काळीत टाकणार. गुत्तेदाराच्या उसात जाऊ देणार न्हाई, अन काटे लावून इथं पडू बी देणार न्हाई.”

“मी तुमच्या दारात पाय ठिवणार न्हाई इथून पुढं.”

“दार हाय कुठं?” सर म्हणाले, आणि परत माती भरू लागले.

सोमवारी सेक्रेटरींनी आम्हा दोघांना बोलावलं. मला बसायला सांगितलं, सरांना नाही. मुलांना आडवं घालून काम बंद पाडलं, संस्थेचं नाव खराब केलं, माफी मागा. सर म्हणाले, “कशाची? तास घेतल्याची?”

“सर, ही संस्था निकालावर चालते.”

“निकाल लागला की. ट्रॅक्टर मागं गेला.”

माफी त्यांनी मागितली नाही. नव्या वर्षापासून त्यांचे तास काढून त्यांना ग्रंथालयात बसवलं. त्यांनी तिथं भिंतीवर मृदेचा नकाशा लावला, आणि फिजिक्सचं गाइड मागायला येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी विचारायचे, “तुझ्या गावाला काळी हाय का मुरमाड?” पोरं उत्तर द्यायची, मग गाव सांगायची, मग बाप काय करतो ते सांगायची, आणि घंटा होईतो तिथंच रेंगाळायची. निवृत्तीपर्यंत त्यांनी तिथून शिकवलं. पुढं ते नव्या गावातल्या त्या पक्क्या घरात राहायला गेले, पण त्या गावाचं नवं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. कुठं राहता म्हटलं की म्हणायचे, “पांढरी व्हायची हाय अजून. राख पडायलीय.” ते गेले तेव्हा त्यांना त्यांच्याच रानात बांधाजवळ बसवलं. मी मातीला गेले होते. पण त्यांची आठवण निघाली की मला तो दिवस दिसत नाही. मला दिसतो त्यांच्या रानातल्या हुरड्याचा दिवस.

सहलीनंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी बैलगाडी मागून घेऊन आपल्या घराची जमेल तेवढी पांढरी रानात नेली होती. गुत्तेदार बाकीचं गाव नेत राहिला, पण सरांची गाडी बघितली की त्याचे ट्रॅक्टर दुसऱ्या गल्लीत जायचे. पौषात ज्वारी हुरड्यात आली आणि सरांनी सगळ्या स्टाफला बोलावलं. माती कुठली हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाला बॅचेस होत्या, कुणाच्या घरी पाहुणे होते. गेलो मी आणि गणिताचे सर, दोघंच.

रानात शिरलो तर कुणी सांगायची गरज नव्हती. पांढरी जिथवर पडली होती तिथवर ज्वारी हातभर जास्त उंच, पानं जवळजवळ काळी, कणसं मुठीत मावणार नाहीत अशी. तिथून पुढं साधी. मध्ये जणू कुणी सुतानं रेघ मारलेली. सरांनी बांधाजवळ शेणींची आगटी पेटवली होती. कणसं भाजून हातावर चोळत होते, फुंकत होते, आमच्यासमोर ठेवत होते. बाजूला गूळ आणि जवसाची चटणी. मी खाल्लं. गणिताचे सर मूठ भरून घेऊन बसले होते, पण मूठ तोंडाकडं जात नव्हती.

तेवढ्यात बांधावर मेव्हणा दिसला. सहलीच्या दिवसानंतर तो सरांशी एक शब्दही बोललेला नव्हता. सरांनी बघितलं, उठले नाहीत, ये म्हणाले नाहीत. चोळलेला हुरडा तळहातावर घेऊन तो हात नुसता पुढं केला. मेव्हण्यानं तो घेतला नाही. तो सरळ उंच ज्वारीत गेला. बराच वेळ नुसती पानं हलताना दिसत होती. मग तो एक कणीस मोडून घेऊन आला, आगटीपाशी बसला, आपल्या हातानं कणीस विस्तवात खुपसलं. फिरवून फिरवून भाजलं, चोळलं, कोंडा फुंकला, आणि दाणे तोंडात टाकले.

तो चावत होता आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो. गणिताच्या सरांना राहवलं नाही. “कसा आहे?”

“गोड हाय,” मेव्हणा म्हणाला. उपरण्यानं तोंड पुसलं, नंतर डोळे पुसले. मग आगटीकडं बघत विचारलं, “दाजी, गाडी उद्या रिकामी हाय का?”

“हाय.”

“मग सकाळी न्यायला येतो. माझ्या घराची बी पांढरी पडून हाय. कुंपण काढावं लागंल.”

सरांनी अजून दोन कणसं विस्तवात सरकवली. गणिताच्या सरांची मूठ आता कुठं तोंडाकडं गेली.

मी विचारलं, “आणि गुत्तेदार आडवा आला तर?”

दोघांनी एकदमच माझ्याकडं पाहिलं.

“येऊ द्या की,” मेव्हणा म्हणाला. “त्याला बी हुरडा देऊ.”